मामाच्या नावानं दिलेलं रक्त

माझी शाळा दुसरीपर्यंत. तीही पुरी नाही. मास्तरांनी छडी मारली, चूक माझी नव्हती, मी पाटी उचलली आणि डोंगर चढून घरी आलो तो परत गेलो नाही. मास्तर दोनदा बोलवायला आले. मी म्हणालो, आधी चूक कबूल करा. त्यांनी केली नाही, मी गेलो नाही. नातवंडं अजून विचारतात, आजोबा, नुकसान कुणाचं झालं? मी म्हणतो, मास्तरांचं.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी सांगणार आहे की पुण्याच्या इंजिनियर कॉलेजातल्या एका मास्तरानं माझ्याकडून एक गोष्ट शिकली, आणि एका मोठ्या डॉक्टरचा अख्खा कागद माझ्यामुळं बाद झाला नि माझ्यामुळंच परत खरा झाला. कुणाला वाटेल म्हातारा फुशारकी मारतोय. मारतोय. पण खोटी नाही.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आगंमागंची. आमचा धनगरवाडा मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पठारावर. पंधरा घरं, म्हशी, थोडी शेरडं, उतारावर नाचणी-वरीचे तुकडे. आईबाप मी लहान असतानाच गेले, म्हणून मामानं वाढवलं. मामा वाडीचा मुख्य. रोज सकाळी दुधाची कावड घेऊन मी खाली गावात उतरायचो. मामाला एकच पोरगी. तिचं बारसं झालं तेव्हापासून वाडीत सगळे म्हणायचे की ही ह्याची. मामाची पोरगी भाच्याला, हा आमच्यातला रिवाज. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मग मला हिवताप आला. खालच्या गावात तेव्हा भिंतींवर औषध फवारणारी माणसं यायची, त्यांनी मला पौडच्या दवाखान्यात नेलं. तिथं गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या. ताप गेला. पण तिसऱ्या दिवशी माझी लघवी काळी झाली, करवंदाच्या रसासारखी. डोळे हळदीसारखे पिवळे. पंधरा दिवस मी म्हशीच्या शेपटीला धरूनसुद्धा चढ चढू शकत नव्हतो. पुढं आपोआप बरा झालो, पूर्वीसारखा कावड उचलायला लागलो. पण मामाच्या मनात बसलं ते बसलं.

"भाच्या," मामा एकदा चार माणसांत म्हणाला, "तुझं रगात पातळ निघालं. वाडीत दुसऱ्या कुणाला गोळी बाधली न्हाई, तुलाच बाधली."

"पण मी बरा झालो की, मामा."

"झालास. पर पोरगी द्यायची म्हंजी बघून द्याय पायजे. मोडकी कावड कुणी जावायाला देतं का?"

"कावड मी न्हाई मामा, कावड पोरगी. मी उचलणारा."

लोक हसले. मामा हसला नाही. त्या दिवसापासून लग्नाचं बोलणं बंद झालं आणि डोंगरापलीकडच्या एका वाडीतल्या पैलवानाचं नाव आमच्या घरात निघायला लागलं. मला जेवण जाईना. मामाकडं हात जोडायचे तर तेही माझ्या स्वभावात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत साहेबलोक आले. तिघं होते. एक डॉक्टर, चष्मेवाले, शांत. एक कॉलेजातले मास्तर, यंत्रं करणारे, जाडजूड, सारखे हसणारे. आणि पौडहून घेतलेला एक कारकून, यादी लिहायला. देवळापुढच्या अंगणात त्यांनी बाकडं मांडलं. डॉक्टर म्हणाले की ती गोळी काही काही माणसांना चालत नाही, अशी माणसं कोण, आणि हे आईबापाकडून पोरांत कसं उतरतं, हे शोधायचंय. पौडच्या दवाखान्यात माझी नोंद होती, ती वाचून ते वर चढून आले होते. म्हणजे ते सगळं लटांबर माझ्यामुळं आलं होतं. मी ताठ झालो.

"प्रत्येकाचं थोडं थोडं रक्त लागेल," डॉक्टर म्हणाले. "लहानथोर सगळ्यांचं."

इथंच घोळ झाला. आमच्याकडं वाडीचं काही काम निघालं, पायवाट साफ करायची असो की देवळावर गवत चढवायचं असो, की घरटी एक माणूस द्यायचा. घरच्याला जमत नसेल तर बदली माणूस द्यायचा. काम झाल्याशी मतलब, हात कुणाचा हे कोण बघतो? रक्त मागितलं तेव्हा वाडीनं तसाच हिशेब केला. साहेबाला रक्त पाहिजे, वाडीनं द्यायचं, तर धडधाकट असतील त्यांनी बाकीच्यांच्या वतीनं देऊन टाकावं. बायाबापड्यांना आणि म्हाताऱ्यांना कशाला त्रास? फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. उलट सगळ्यांना वाटलं, आपण लई सोय केली.

मी माझं सकाळीच दिलं. दुपार कलल्यावर मामा मला गोठ्यामागं घेऊन गेला.

"भाच्या, माझ्या वतीनं तू दे."

आता मामाबद्दल एक सांगितलं पाहिजे. ह्या माणसानं वासराला धरलेल्या वाघराला काठीनं हाणून पळवलेलं. पण सुई म्हटली की तो दिसेनासा व्हायचा. लहानपणी सुईनं देवी काढणारा वर आला होता तेव्हा मामा दिवसभर उंबराच्या झाडावर बसून राहिला, म्हणून त्याच्या दंडावर देवीचा वण नव्हता. हे वाडीला माहीत होतं, पण मामासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

"मामा, मी माझं सकाळीच दिलंय."

"मग? दुसरा दंड मोकळाच हाय की."

तुम्हीच सांगा, ज्याची पोरगी मागायची त्याला नाही कसं म्हणायचं? मी मामाचं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि परत रांगेत बसलो.

कारकुनानं नाव विचारलं. मामाचं सांगितलं.

"वय?"

"पंचेचाळीस."

त्यानं घोंगड्याच्या आत डोकावून बघितलं. "वाटत नाही हो."

"डोंगराची हवा," मी म्हणालो.

डॉक्टर तोंडाकडं बघतच नव्हते, दंडाकडं बघत होते. सुई टोचली, रक्त काढलं, मी उठलो. मामानं त्या रात्री माझ्या ताटात दह्याचा मोठा गोळा वाढायला सांगितला. पैलवानाचं नाव निघालं नाही. मला वाटलं, चला, जमतंय.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा तमाशा झाला. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवल्या की लाल गाळ खाली बसतो आणि वर पिवळं पाणी येतं. त्यावरून कुणाचं रक्त कुठल्या जातकुळीचं, म्हणजे कुठल्या गटाचं, हे डॉक्टर बघणार होते. वीज नाही, म्हणून मास्तरांनी सायकलची पायंडलं आणि साखळी लावून एक यंत्र केलं होतं. चार नळ्या चार बाजूंना अडकवायच्या आणि पायंडल मारायचं. पुण्यात म्हणे भोवऱ्यासारखं फिरायचं. आमच्या अंगणात ते सोडलेल्या वासरासारखं उड्या मारायला लागलं. एक नळी फुटली, डॉक्टरांच्या चष्म्यावर शिंतोडे.

"तुमचं यंत्र माणसं मारील," डॉक्टर म्हणाले.

"यंत्राला काही झालेलं नाही, तुमची जमीन वाकडी आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी पायाखाली दगड लावले, तेल सोडलं, पट्टी लावून चारी नळ्यांतलं रक्त सारखं केलं. तरी उड्या. मी कावड टेकून तासभर बघत होतो. शेवटी राहवलं नाही.

"मास्तर, नळ्या सारख्या न्हाईत."

"अरे, पट्टीनं मोजल्यात मी. चारीत रक्त सारखं आहे."

"रगात सारखं आसंल. काच सारखी न्हाई."

वाटेत चढावर त्यांच्या बऱ्याच नळ्या फुटल्या होत्या, म्हणून पौडच्या दवाखान्यातून आणलेल्या नळ्या त्यांनी त्यांत मिसळल्या होत्या. त्या जाड काचेच्या. डोळ्याला फरक दिसत नव्हता. पण मी रोज दोन घागरी खांद्यावर घेऊन उतरणारा माणूस, पाव शेराचा फरक असला तरी माझा खांदा बोलतो. मी गवताची एक ताठ काडी घेतली, मधोमध दोरा बांधला, दोन टोकांना दोन नळ्या टांगल्या. काडी एका बाजूला झुकली. "ही बघा कावड." मग जुळणाऱ्या जोड्या लावून दिल्या आणि जोडीतल्या नळ्या समोरासमोर अडकवायला सांगितल्या. मास्तरांनी पायंडल मारलं. यंत्र असं फिरलं की नुसती घूं ऐकू यायची.

मास्तर बघतच राहिले. "कुठं शिकलास रे?"

"दुसरीत."

ते इतके हसले की पायंडलावरून पाय निसटला. पण तिथून पुढं चार दिवस त्यांनी मला सोडलं नाही. दुधाची कावड उरकून मी त्यांच्याबरोबर काम करायचो. रक्तात निळा रंग घालून नळ्या अंगाइतक्या ऊन पाण्यात ठेवायच्या होत्या, आणि पाणी सारखं गार व्हायचं. तेव्हा घमेल्याभोवती भाताचं तूस दाबून भरायची अक्कलही माझीच. डॉक्टरांनी मला त्या रंगाचं समजावलं. रक्त चांगलं असेल तर तास-दीड तासात निळा रंग उडून जातो. रक्तात एक वस्तू कमी असली की रंग उडत नाही, निळाच राहतो. अशा माणसाला ती गोळी चालत नाही. एरवी त्याला काही होत नाही, तो कावड उचलतो, डोंगर चढतो, शंभर वर्षं जगतो.

"तुझा रंग उडालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "हे आईकडून येतं. आईला काही होत नाही, पण तिच्या मुलात उतरतं. तुझी आई नाही, म्हणून मी तुझ्या मामांच्या नळीकडं डोळे लावून बसलो होतो. तुझ्या आजीपासून आलं असलं तर मामांतही दिसण्याचा संभव. आणि बघ!" त्यांनी दुसरी नळी उचलली. तीही निळी. "मामा आणि भाचा, दोघांतही! इतकी स्वच्छ साखळी मला आजवर सापडली नव्हती."

डॉक्टर इतके खूश झाले होते की मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मीही खूश झालो. मामा माझं रक्त पातळ म्हणत होता, आता कागदावर त्याचंही तसंच. कुठल्या तोंडानं पोरगी नाकारणार? मी जिंकलो होतो.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मी आजच पौडला लिहून ठेवतो की तुझ्या मामांना ही गोळी कधीच द्यायची नाही. कितीही ताप येवो."

माझं हसू तिथंच राहिलं. कारण त्या नळीतलं रक्त मामाचं नव्हतं, माझंच होतं. मामाचं रक्त चांगलं असलं आणि उद्या त्याला हिवताप आला, तर त्याला औषध मिळणार नाही. कशामुळं? माझ्या दुसऱ्या दंडामुळं.

दुसऱ्या दिवशी रिकामी कावड घेऊन चढताना मी विचार केला. गप्प बसलो तर पोरगी मिळते. बोललो तर मामा मला दारात उभा करणार नाही, कारण सुईची गोष्ट चव्हाट्यावर येणार. मी काही संत नाही. गप्प बसायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण मग मनात आलं, लग्न झाल्यावर मामा मला जन्मभर बरोबरीचा मानील, आणि मला माहीत असेल की तो माझ्या बरोबरीचा नाही, दोन्ही नळ्यांत मीच, म्हणजे मीच माझ्या बरोबरीचा आहे. छडीच्या वेळी मी मास्तरांकडून कबुली मागितली होती. आता चूक माझी होती.

अंगणात जाऊन मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "डाक्टर, मामाचं रगात मामाचं न्हाई. माझं हाय. मी दोनदा दिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"बदली दिलं. मामा कामात हुते."

मास्तरांना सगळ्यात आधी कळलं. ते पोट धरून खाली बसले. डॉक्टर मात्र पांढरे पडले. त्यांनी कागद चाळायला सुरुवात केली. "मग ही पाच घरं? पाच घरांतल्या पाच माणसांचं रक्त हुबेहूब एक. मी दोन रात्री जागलोय ह्याच्यावर!"

"त्यो आमच्यातला दांडगा गडी. पाच घरचं त्यानं एकट्यानं दिलं. लई परोपकारी हाय."

"आणि ही सासू? ही सून?"

"त्यांचं मालकांनी दिलं."

डॉक्टर बाकड्यावर बसले. मग त्यांनी कारकुनाकडं बघितलं. कारकून म्हणाला, "साहेब, मला तो पंचेचाळीसचा वाटत नव्हताच."

वाडी गोळा झाली. मामा आला. काय झालं ते समजल्यावर त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला.

"घरातली गोष्ट भाईर काढलीस? वाढवला त्येचे पांग फेडलेस! पोरगी इसर आता. पैलवानाकडं उद्याच मानूस धाडतो."

"धाडा," मी म्हणालो. "पर आधी दंड द्या. तुमच्या नावावर माझं रगात राहू देनार न्हाई मी."

तेव्हा मामाची पोरगी बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. आजवर ती माझ्याशी चारचौघांत कधी बोलली नव्हती, त्या दिवशीही नाही. सरळ बाकड्यावर जाऊन बसली आणि बाही वर केली.

"डाक्टर, माझं घ्या. आमचं बापलेकीचं न्हाई झालं." सुई आत गेली तरी तिनं डोळे मिटले नाहीत. मग बापाकडं वळली. "बघा आबा, मेले न्हाई. म्हशीला दाभण टोचताना तुमाला काय वाटत न्हाई, आन् ही तर शिवणाच्या सुईयेवढी. आता बसताय, का उंबरावर चढताय?"

सगळी वाडी हसली. मामासमोर उंबराचं नाव पहिल्यांदा निघालं होतं. मामा तरातरा आला, बाकड्यावर बसला, तोंड देवळाकडं केलं, डोळे गच्च मिटले आणि ओरडला, "आई गं! झालं का?"

"अजून टोचलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मग सगळ्यांचं परत झालं, ज्याचं त्याचं, म्हाताऱ्या आजींपासून सगळ्यांचं. नळ्या घमेल्यात लागल्या आणि पंधरा घरं भोवतीनं बसली, जशी काही पंगतच. रंग एकेक करून उडायला लागला. सासूचा उडाला, सुनेचा उडाला, दांडग्या गड्याचा सगळ्यात आधी. पोरीच्या नळीतला रेंगाळत, अडखळत गेला. दीड तास झाला, दोन झाले. माझी नळी निळी. आणि मामाची, मामाच्याच रक्ताची, तीही निळी.

मामा उठून उभा राहिला. "बघितलं? समद्यांचा रंग फिका पडला, माझा टिकला! अस्सल मालाचा रंग हाय!"

मास्तर तोंडात रुमाल कोंबून देवळामागं गेले. डॉक्टरांनी मामाला शेजारी बसवून नीट सांगितलं, की टिकला म्हणजेच उणं आहे, भाच्यासारखंच, आजीपासून आलेलं, आणि पोरीकडून तिच्या पोरांत उतरणारं. मामाला गोळी बाधली नव्हती, कारण त्यानं ती कधी घेतलीच नव्हती. सुईचं भय होतं तसं दवाखान्याचंही.

"म्हंजी माझं रगातबी पातळ?"

"पातळ वगैरे काही नाही हो. वाघराला पळवलंत ना? फक्त ती गोळी घ्यायची नाही."

"मग भाच्याचंबी पातळ न्हाई."

"नाही."

मामानं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "पैलवानाच्या घरात हे हाय का?"

"माहीत नाही. पण खरं सांगू का, नात्याबाहेर लग्न केलेलं बरं. नात्यातल्या नात्यात केलं की असल्या गोष्टी घरात साठत जातात."

"साठू द्या की!" मामा म्हणाला. "परक्याच्या घरात पोरगी दिली, तिच्या पोराला ताप आला, तर त्यांना काय ठावं कुठली गोळी बाधते? हितं ठावं हाय. सासऱ्याला ठावं, जावायाला ठावं, पोरीनं तर डोळ्यानं बघितलं. जाणत्या घरात दिलेली बरी." मग माझ्याकडं वळून, "आन् ह्यो खोटं बोलत न्हाई. तोट्यात जाऊनबी बोलत न्हाई. असला हट्टी गडी पैलवानात कुटं मिळंल?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मास्तर देवळामागून म्हणाले, "डॉक्टर, ह्याला उत्तर आहे का तुमच्याकडं?"

त्याच वैशाखात आमचं लग्न झालं. दोघं साहेब डोंगर चढून आले. मास्तरांनी आहेराऐवजी मला दाखवायला ते पायंडलाचं यंत्र परत आणलं होतं, आता त्याला नळ्या जोखायला एक तराजू बसवलेला होता. मी विचारलं, "तराजूवर माझं नाव हाय का?" म्हणाले, राहिलं. अजून राहिलेलंच आहे.

आम्हाला चार लेकरं. दोघांत ते उतरलं, एका पोरात आणि एका पोरीत. चौघंही धडधाकट. पौडला नोंद आहे, त्या दोघांना ती गोळी कुणी दिली नाही.

लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरांनी इंग्रजीतलं एक छापील पुस्तक पाठवलं. त्यात आमच्या घराची आकृती होती. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मामाचा चौकोन काळा भरलेला, माझा काळा भरलेला. मामानं ते बघून तक्रार केली की मी थोरला, माझा चौकोन मोठा पाहिजे होता. आमची ही नुसती हसत होती. तिच्या गोलाच्या मधोमध एक ठिपका होता. डॉक्टरांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की ज्या बाईत हे असतं पण तिला त्याचा त्रास नसतो, तिच्या गोलात असा ठिपका देतात.

हिनं ते पान फाडून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. आजही आहे, पिवळं पडलंय. पाहुणा आला की दाखवते. "हे ह्यांचं काळं तोंड, हे आबांचं काळं तोंड. आन् ही मी. बघा, डाक्टरनं मला कुंकू लावून पाठवलंय."